पंचविशीच्या आत ‘प्रिव्हेंटिव्ह बोटॉक्स’: सुरकुती यायच्या आधीच सुई घ्यावी का?

रानजाई
नमस्कार. आरोग्य विभागात धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

मी २४ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. मार्गशीर्षात लग्न आहे. मुरुमांचे जुने डाग दाखवायला एका स्किन क्लिनिकमध्ये गेले होते. डागांवर जेमतेम बोलणं झालं आणि तिथल्या काउन्सेलर बाईंनी माझ्या हातात आरसा देऊन कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. म्हणाल्या, या रेषा आत्ता फक्त आठी घातल्यावर दिसतात, तिशीत कायमच्या होतील. आत्तापासून दर चार महिन्यांनी थोडं बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, घेतलंत तर त्या येणारच नाहीत. ‘ब्रायडल पॅकेज’मध्ये घेतलं तर सवलत, पण याच आठवड्यात पैसे भरायचे. डॉक्टरांची भेट झालीच नाही.

ऑफिसातल्या काहीजणी घेतात, त्यामुळे मला यात काही अघोरी वाटत नाही. नैतिक चर्चा नकोय. सुरकुत्या खरंच टळतात का? एकदा सुरू केलं की आयुष्यभर घ्यावं लागतं का? मध्येच थांबवलं तर चेहरा आणखी म्हातारा दिसतो का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

सावळी
अगं, चोविसाव्या वर्षी सुरकुत्यांची भीती घालून पैसे काढतात याचा मला संताप येतो. तू डाग घेऊन गेलीस आणि कपाळ घेऊन परत आलीस. पैसे भरू नकोस, एवढंच सांगते.

निशिगंध
मी दुसरी बाजू मांडते. माझं वय ३१. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेषा होत्या, वडिलांसारख्या. मी शांत बसले असले तरी लोक विचारायचे, चिडलीयेस का? मीटिंगमध्ये वरिष्ठांनीही विचारलं होतं. दीड-दोन वर्षांपासून एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे घेते. सुया अगदी बारीक असतात, मुंगी चावल्यासारखं होतं, दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं. चौथ्या-पाचव्या दिवशी परिणाम जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो. माझ्याकडून युनिटला साडेतीनशे घेतात, जीएसटी वेगळा. मी समाधानी आहे. बोटॉक्स घेणारी प्रत्येक बाई फसलेली किंवा पोकळ असते असं इथे कुणी लिहू नये, ही विनंती.

पण रानजाई, मला रेषा होत्या. तुला नाहीत. आणि माझ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत काहीच टोचलं नव्हतं, घरी जाऊन विचार करा म्हणाल्या होत्या.

मुळाकाठी
जुळ्या बहिणींवरचा एक अभ्यास आहे ना? एकीने वर्षानुवर्षं बोटॉक्स घेतलं, दुसरीने नाही, आणि पहिलीच्या कपाळावर रेषा नव्हत्या. क्लिनिकवाले तोच दाखवतात. मग ‘टळतात’ हे खरंच म्हणायचं की.

दवबिंदू
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात प्रॅक्टिस करते. बोटॉक्स देते, तेव्हा हे विरोधकाचं लिखाण समजू नये. सविस्तर लिहिते, कारण असा आरसा हातात घेऊन आलेल्या मुली आता माझ्याकडेही येतात.

आधी औषध काम कसं करतं ते. बोटॉक्स हे ब्रँडचं नाव, त्यातलं बोट्युलिनम टॉक्सिन हे एका जिवाणूचं विष आहे. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला जो रासायनिक निरोप जातो, असिटिलकोलीनचा, तो ते अडवतं. निरोप गेला नाही की स्नायू आकसत नाही, आणि आकसला नाही की वरच्या त्वचेला घडी पडत नाही. तीन-चार महिन्यांत मज्जातंतू पुन्हा कामाला लागतो. परिणाम तात्पुरता असतो तो यामुळे.

याचा पहिला उपयोग सौंदर्यासाठी नव्हताच. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते वापरलं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी मान्यता दिली. कॅनडात व्हँकुव्हरला नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलिस्टर कॅरुथर्स यांच्या लक्षात आलं की पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांच्या आठ्याही नाहीशा होताहेत. भुवयांमधल्या आठ्यांसाठी एफडीएची मान्यता २००२ मध्ये आली, डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी २०१३ मध्ये, कपाळावरच्या आडव्या रेषांसाठी २०१७ मध्ये.

आता ती मान्यता नेमकी कशाला आहे ते बघा. प्रौढांमधल्या मध्यम ते तीव्र रेषा तात्पुरत्या कमी दिसाव्यात, यासाठी. ज्यांच्यावर चाचण्या झाल्या त्यांच्या कपाळावर रेषा होत्या. ज्या कपाळावर काहीच नाही तिथे विशीत टोचायला सुरुवात करायची आणि चाळिशीत काय दिसतं ते मोजायचं, अशी मोठी, नीट आखलेली चाचणी झालेली नाही. रानजाई, त्या बाईंनी तुम्हाला ‘येणारच नाहीत’ असं जे वचन दिलं, ते औषध बनवणारी कंपनीसुद्धा माहितीपत्रकात देत नाही.

मुळाकाठी, तो जुळ्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ३८ वर्षांच्या दोन सारख्या जुळ्या बहिणी. एकीने १३ वर्षं नियमित घेतलं होतं, दुसरीने फक्त दोनदा. पहिलीच्या कपाळावर आणि भुवयांमध्ये कायमच्या रेषा दिसत नव्हत्या, दुसरीच्या दिसत होत्या. निष्कर्ष पटण्यासारखा आहे, कारण जिथे घडीच पडत नाही तिथे घडीची खूण राहणार नाही. पण ती एक जोडी आहे. शिवाय एक लॉस एंजेलिसला राहायची, दुसरी म्युनिकला. एका जोडीवरून लाखो मुलींना दर चार महिन्यांनी बोलावणं मला वैद्यकीयदृष्ट्या योग्य वाटत नाही.

थांबवल्यावर काय होतं? काही वाईट होत नाही. स्नायू पूर्ववत होतो, चेहरा जिथे असता तिथेच येतो. मधल्या काळात गुळगुळीत कपाळाची सवय झालेली असते, म्हणून लोकांना ‘जास्त दिसतंय’ असं वाटतं. बरीच वर्षं सलग घेतलं तर मात्र तो स्नायू बारीक होऊ शकतो. जबड्याच्या स्नायूत तर चेहरा निमुळता दिसावा म्हणून मुद्दाम हेच केलं जातं. विशीपासून पन्नाशीपर्यंत घेतलेल्या कपाळाचं काय होईल हे अजून नीट माहीत नाही.

मुळाकाठी
धन्यवाद डॉक्टर. एका जोडीवरचा अभ्यास आहे हे क्लिनिकच्या रीलमध्ये सांगत नाहीत.

गवतफूल
मुलगे पण घेतात हं, हा फक्त मुलींचा विषय समजू नका. माझ्या जिममधले दोघे ‘बेबी बोटॉक्स’ घेतात. दिवसभर व्हिडिओ कॉलवर स्वतःचाच चेहरा बघत बसायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार. डॉक्टर, हे बेबी म्हणजे काही वेगळं औषध असतं का?

दवबिंदू
नाही, औषध तेच, मात्रा कमी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची मान्य मात्रा २० युनिट आहे, त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी देतात. मात्रा कमी म्हणून धोका शून्य असं नाही. औषध थोडं खाली पसरलं तर पापणी उतरते. मान्यतेच्या चाचण्यांत हे साधारण ३ टक्के लोकांत दिसलं होतं. काही आठवड्यांत बरं होतं, पण ते आठवडे लग्नाचे असले तर विचार करा. कपाळात जास्त गेलं तर भुवया जड होतात, कारण त्या वर उचलणारा स्नायूच आपण झोपवलेला असतो.

आणखी एक. ‘युनिट’ प्रत्येक ब्रँडचं वेगळं असतं. बोटॉक्सची जिथे २० युनिट लागतात तिथे डिस्पोर्टची ५० लागतात. त्यामुळे ‘आमच्याकडे युनिट स्वस्त’ या जाहिरातीवरून काहीच ठरवता येत नाही.

सोनटक्का
मला यातला लग्नाचा भाग खटकतोय, तो कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी सासरकडच्या एका काकूंनी चहा पिता पिता सुचवलं होतं, ‘हल्ली करून घेतात मुली, फोटो छान येतात.’ नवऱ्या मुलाच्या कपाळावर तिच्याहून जास्त आठ्या होत्या, त्याला कुणी काही म्हणालं नाही. पूर्वी रंगावरून बोलायचे, आता रंगावर उघड बोलता येत नाही म्हणून ‘ग्लो’ आणि ‘पॅकेज’ म्हणतात. रानजाई, तू म्हणालीस नैतिक चर्चा नको, ते मान्य. पण हे तुला स्वतःला हवंय की आजूबाजूचे हवंय म्हणताहेत, हा प्रश्न मला वैद्यकीय प्रश्नाइतकाच खरा वाटतो.

निशिगंध
सोनटक्का, पूर्ण सहमत. मी घेते तरी सहमत.

टेम्सकाठ
मी लंडनला असते. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालच्या कुणालाही सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं हा गुन्हा आहे. पालकांची संमती असली तरी चालत नाही. त्याआधी शाळकरी मुली ओठ भरून घेत होत्या. १८ पूर्ण झाल्यावर मात्र रान मोकळं आहे. इथे ब्युटिशियनसुद्धा फिलर टोचतात. बोटॉक्स प्रिस्क्रिप्शनचं औषध असल्यामुळे ते कुणीतरी अधिकृत व्यक्तीनेच लिहून द्यावं लागतं, पण टोचणारा डॉक्टर असलाच पाहिजे असं नाही. भारतातून फिरायला आलेल्या मैत्रिणींना वाटतं की इकडे सगळं काटेकोर असेल. तसं गृहीत धरू नका.

चांदणवेल
माझी मुलगी १७ वर्षांची आहे आणि तिला ओठांचं फिलर हवंय. बोटॉक्स नको म्हणते, ‘फिलर तर विरघळवता येतं’ म्हणते. हे खरं आहे का? ती रोज विचारते आणि मला उत्तर देता येत नाही.

दवबिंदू
चांदणवेल ताई, फिलर ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. बोटॉक्स स्नायू सैल करतं, फिलर जागा भरतं. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर हायल्युरॉनिडेझ या विकराने (एन्झाइमने) विरघळवता येतं, तेवढं मुलीचं बरोबर. पण फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तेव्हा ते विकर तातडीने, हाताशी असलेल्या डॉक्टरनेच द्यावं लागतं. नाकाच्या आणि भुवयांमधल्या भागात हा अपघात झाला तर दृष्टी जाऊ शकते. तसं क्वचित होतं, पण गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. तुमच्या मुलीचा चेहरा अजून घडतोय. मी १८ च्या आतल्या मुलीला सौंदर्यासाठी काहीही टोचत नाही आणि आईला सोबत घेऊन आली तरी नाही म्हणते. तिला हवं तर माझ्यासारख्या एखाद्या डॉक्टरकडे फक्त बोलायला घेऊन जा. घरच्यांचं ‘नाही’ आणि डॉक्टरांचं ‘नाही’ यात त्या वयात फरक पडतो.

फिजिओ_नाशिक
मी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसोबत काम करते. या धाग्यात एक गोष्ट राहून जातेय. हेच औषध आमच्या मुलांच्या पोटऱ्यांमध्ये देतात. ताठ झालेला स्नायू सैल झाला की टाच जमिनीला टेकते, स्प्लिंट बसतं, व्यायाम घेता येतो. पक्षाघातानंतर हाताची मूठ आवळून बसते तिथेही देतात. जुनाट मायग्रेन, मान वाकडी होण्याचा आजार, हातांना अतोनात घाम, या सगळ्यांत त्याचा उपयोग होतो. पायाच्या मोठ्या स्नायूंना मात्रा जास्त लागते आणि खर्च कुटुंबाला पेलवत नाही. तीन महिन्यांनी परिणाम ओसरतो तेव्हा पालकांचे चेहरे बघवत नाहीत.

कुणी चेहऱ्यासाठी घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण शरीर कधी कधी या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि मग औषध लागू पडेनासं होतं. चेहऱ्याच्या छोट्या मात्रेत हे फार कमी वेळा होतं. तरीही चोविसाव्या वर्षापासून दर काही महिन्यांनी, कधी टचअपच्या नावाखाली त्याहून लवकर, असं घेत राहणाऱ्या बाईला उद्या मायग्रेनसाठी किंवा पक्षाघातानंतर हेच औषध लागलं तर? हा विचार त्या काउन्सेलर बाईंच्या बोलण्यात नसतो.

दवबिंदू
फिजिओ ताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दोन वेळांमध्ये तीन महिन्यांचं अंतर ठेवायचं ते यासाठीही. गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना घेऊ नये, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर घेऊ नये, आणि जेंटामायसिनच्या गटातली अँटिबायोटिक्स चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं. लग्नानंतर लवकर मूल हवं असणाऱ्या मुलीला दर चार महिन्यांचं पॅकेज विकताना हे विचारायला नको का?

गवतफूल
आणि समजा एखाद्याने सगळं वाचून घ्यायचं ठरवलं, तर बघायचं काय? जिममधले ते दोघे एका सलूनच्या वरच्या मजल्यावर जातात.

दवबिंदू
सलूनच्या वरच्या मजल्यावर जाऊ नये. हे स्पष्टच लिहिते.

टोचणाऱ्याची पदवी विचारा. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका, नाहीतर प्लॅस्टिक सर्जरीची एमसीएच. ‘कॉस्मेटॉलॉजी’चं काही आठवड्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, ती वैद्यकीय पदवी नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासता येते, आणि विचारल्यावर चिडणाऱ्या डॉक्टरकडे जायची गरज नाही. कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा. लेबल, बॅच नंबर, मुदत बघा, फोटो काढा. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. पावडरमध्ये सलाइन घालून ते तयार करतात आणि माहितीपत्रकाप्रमाणे २४ तासांत संपवायचं असतं. आधीच भरून ठेवलेल्या सिरिंजमधून कुणी देत असेल तर तिच्यात किती सलाइन आहे आणि ती कधी भरली हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

बनावट मालाची भीती कुणी काल्पनिक समजू नये. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ जणींना बनावट किंवा चुकीच्या पद्धतीने दिलेल्या इंजेक्शनांनी त्रास झाल्याचं तिथल्या यंत्रणांनी जाहीर केलं, त्यातल्या निम्म्या रुग्णालयात होत्या. काहींनी अप्रशिक्षित माणसांकडून, काहींनी घरात किंवा स्पामध्ये घेतलं होतं. इंजेक्शननंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, दोन-दोन दिसू लागलं, तर क्लिनिकला मेसेज करत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मी पैसे भरलेले नाहीत आणि आता भरणारही नाही. सोनटक्का, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. मला स्वतःला आठ्यांचं काही वाटत नव्हतं, आरसा हातात दिल्यावर वाटायला लागलं, हे माझं खरं उत्तर आहे.

डॉक्टर, मग चोविसाव्या वर्षी त्वचेसाठी खरंच उपयोगी असं काय आहे? आणि माझे डाग राहिलेच.

दवबिंदू
याचंच उत्तर द्यायला मला सर्वांत आवडतं, कारण इथे पुरावा भक्कम आहे.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बर गावात ५५ च्या आतल्या ९०३ लोकांवर चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये आला. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना त्यांच्या मनाप्रमाणे. हाताच्या मागच्या बाजूचे ठसे घेऊन त्वचा मोजली. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत वयाच्या खुणांची मोजता येईल अशी वाढ दिसली नाही, दुसऱ्या गटापेक्षा त्या २४ टक्के कमी होत्या. जुळ्यांच्या एका जोडीशेजारी हे ठेवून बघा. ‘टाळायचं’ असेल तर टाळण्याची खरी चाचणी सनस्क्रीनवर झालेली आहे.

ती गोऱ्या त्वचेवरची होती, हे सांगायला हवं. आपल्या त्वचेत मेलानिन हे रंगद्रव्य जास्त, म्हणून सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात. आपला चेहरा वयाआधी थकलेला दिसतो तो बहुतेकदा वांग, डाग आणि डोळ्यांखालच्या काळेपणामुळे. त्यावर बोटॉक्सचा काडीचा उपयोग नाही. वांगासाठी ऊन तर टाळायचंच, पण दिसणारा प्रकाशसुद्धा तो वाढवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं टिंट केलेलं सनस्क्रीन चांगलं. दोन बोटं भरून चेहऱ्याला आणि मानेला, दुचाकीवर असाल तर दुपारी पुन्हा. स्कार्फ बांधता तो बांधत राहा, पुण्याच्या मुलींची ती फार चांगली सवय आहे.

रात्री ट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाच्या गटातलं त्वचेवर लावायचं औषध. बारीक रेषांवर १९८० च्या दशकापासून आणि मुरुमांवर त्याआधीपासून त्याचं काम झालेलं आहे, दोन्हींवर चालतं, पण डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्या आणि गर्भारपण ठरवत असाल तर बंद करा. औषधाच्या दुकानातून कुणी गोरेपणाची तीन औषधं एकत्र असलेली क्रीम सुचवली तर घेऊ नका. त्यात स्टिरॉइड असतं, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा पातळ, लाल आणि केसाळ होतो. माझ्या ओपीडीत या वयाच्या मुलींचं सर्वांत जास्त नुकसान मी यानेच झालेलं बघते, सुरकुत्यांनी नाही.

सोनटक्का
स्टिरॉइडच्या क्रीमवर वेगळा धागा काढा ना डॉक्टर. आमच्या गावात ती किराणा दुकानातही मिळते.

दवबिंदू
नक्की काढते. रानजाई, तुमच्या डागांचं नेमकं काय करायचं ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. खड्डे असतील तर वेगळे उपचार, नुसते काळे डाग असतील तर क्रीम आणि सनस्क्रीनने मार्गशीर्षापर्यंत बराच फरक पडेल. पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणं) करायचं ठरलं तर शेवटचं लग्नाच्या निदान महिनाभर आधी. आणि ट्रेटिनॉइन चालू असेल तर हळद, वॅक्सिंग, थ्रेडिंग यांच्या आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर त्वचा सोलवटते. डॉक्टरांना लग्नाची तारीख पहिल्याच भेटीत सांगा.

रानजाई
सांगते. शनिवारची वेळ घेतली आहे, यावेळी थेट त्वचारोगतज्ज्ञांची.